गुडघ्याचं निमित्त

“पाहुणे आलेत म्हणून चांगला चेंडू घरी ठेवून यायचा. मग मी इथे काय नुसता हात हलवायला येतो?”

मैदानामागच्या नळाशी वाकून बाटली भरणारा एक उंच, काटकुळा पोरगा हे नळालाच ऐकवत होता. नळ बिचारा बारीक धार सोडून ऐकून घेत होता. मागे आपली रिकामी बाटली घेऊन, खेळाडू हेरायला आलेला पारखी उभा होता. विटकी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यातलं दोरीचं घड्याळ शर्टाच्या आत सरकलेलं. पाहुण्यांकडे अजिबात बघायचं नाही अशी ताकीद असल्यामुळे पोराने दोन दिवसांत त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. असा माणूस कुणाचा तरी काका असणार असं धरून त्याने “घ्या काका, होऊ द्या तुमचं,” म्हटलं आणि उरलेला वैताग बुटाने मातीवर काढत निघून गेला.

पारख्याने बाटली धारेखाली धरली ती भरून वाहायला लागली तरी धरलेलीच. पाणी मनगटावरून बाहीत शिरलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण मघापासून एकाच ठिकाणी अडलो आहोत. चांगला चेंडू. दोन दिवस तो याच मैदानावर जाळीमागे डोळ्यांत तेल घालून बसला होता. या पोराचे, ज्याला सगळे लंबू म्हणत त्याचे, निदान दोनशे चेंडू त्याने पाहिले होते आणि त्यांतला एकही घरी ठेवण्याच्या लायकीचा नव्हता. अर्थात पारखी लंबूसाठी आला नव्हता. तो आला होता लंबूसमोर बसणाऱ्या कॅचरसाठी. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा एका मातीच्या उंचवट्यावर उभा असतो, समोर बॅटवाला, आणि बॅटवाल्याच्या पाठीशी उकिडवा बसून चेंडू झेलतो तो कॅचर. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचा चुलतभाऊ म्हणा, पण जास्त जवळ बसणारा आणि जास्त मार खाणारा. तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर गादी, नडग्यांवर ढाली, असा नखशिखान्त सजून तो बसतो आणि तरीही काही ना काही लागतंच. पारखी स्वतः सहा वर्षं असा बसला होता. पुढे गुडघा गेला. तेव्हापासून छत्तीस वर्षं तो जाळीच्या अलीकडे बसून दुसऱ्यांची पोरं पारखत होता. गावोगावचे कठडे, गावोगावचा पातळ चहा, आणि परतताना पिशवीत एका पोराच्या गुणांचे रकाने भरलेलं पत्रक. आत्ताचं पत्रक एका मोठ्या संघाच्या निवासी शाळेचं होतं. तिथे कॅचरची एकच जागा उरली होती, आणि संध्याकाळी पाचच्या आत ते पोचलं नाही तर जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला जाणार होती.

इथला कॅचर म्हणजे एकोणीस वर्षांचं पोर, रुंद खांद्यांचं, कमी बोलणारं. संघात त्याला भिंत म्हणत. पहिल्याच सकाळी पारख्याने त्याची बॅट पाहिली आणि पेन्सिल तोंडात धरून बसून राहिला. पोराचे हात चेंडू अगदी जवळ येईपर्यंत मागे शांत असत, जसे काही त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता काही करायचं आहे. मग मनगटं सुटत. पारख्याला चेंडू कुठे गेला हे बघायची सवय नव्हती, तो आवाज ऐके. चेंडू बॅटच्या मधोमध बसला की जो आवाज येतो त्यात लाकूड ऐकू येत नाही. सुकलेला जाड कपडा दोन हातांनी झटकावा तसा तो असतो. भिंतीच्या बॅटचा तो आवाज त्याने डोळे मिटून अकरा वेळा मोजला. एक चेंडू थेट बरगड्यांवर आला, तर पोराने नुसतं पोट आत घेतलं, अरुंद बोळात समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसं. मग फेक. चेंडू झेलून, उभं राहून, चाळीसएक मीटरवरच्या दुसऱ्या तळाशी, म्हणजे पळणारा जिथे पाय टेकवायला धावतो तिथे, त्याच्या आधी पोचवायचा. पारख्याच्या घड्याळाने एकदा एक पूर्णांक त्र्याण्णव सेकंद दाखवलं, एकदा पंचाण्णव, एकदा एक्याण्णव. दोन सेकंदांच्या आत हे करणारी माणसं यावर पोट भरतात. पारख्याने ‘हात’ या रकान्यात आकडा घातला आणि त्याच्याभोवती, कधी नव्हे ते, एक गोल काढला. त्या रात्री लॉजच्या खोलीत तो बऱ्याच दिवसांनी लवकर झोपला होता.

आता नळावरून परत येऊन तो आपल्या खुर्चीत बसला. या खुर्चीचीही एक गंमत होती. कठड्यावर बसवत नाही, गुडघा धरतो, असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मग मास्तरांनी, म्हणजे इथल्या प्रशिक्षकांनी, शाळेच्या कचेरीतून हाताची खुर्ची आणवली होती आणि येणाराजाणारा प्रत्येक जण “गुडघा कसा आहे?” विचारून जात होता. सामना सुरू झाला होता. पारख्याने या वेळी बॅटवाल्याकडे पाहिलं नाही, फेकीकडे पाहिलं नाही. भिंत मांड्यांच्या मध्ये बोटं लपवून लंबूला खुणा करत होता: एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा, तीन म्हणजे हळू. चौथं बोट येत नव्हतं. लंबू दर वेळी क्षणभर थांबे, वाट पाहिल्यासारखा, मग खांदे पाडून सांगितलेला चेंडू टाकी. आणि मग पारख्याला दिसलं ते असं, की एकदा दिसल्यावर दोन दिवस कसं दिसलं नाही याचीच लाज वाटावी. या मैदानावर अडीच दिवसांत एकही चेंडू मातीत आपटला नव्हता. बॅटवाल्याच्या पायाशी अचानक बुडी मारणारा चेंडू, ज्याच्या मागे चांगले चांगले बॅटवाले वेड्यासारखी बॅट फिरवतात, तो इथे जणू शोधून काढलाच गेला नव्हता. हीच ती लंबूची घरी ठेवलेली वस्तू. सहाव्या डावात समोरच्या संघाची दोन माणसं तळांवर होती, तो चेंडू टाकण्यासाठी परिस्थिती अगदी हात जोडून उभी होती. लंबूने सरळ टाकला, बॅटवाल्याने तो कुंपणापर्यंत पोचवला, दोन धावा गेल्या. आणि संघातल्या एकानेही तोंड वाकडं केलं नाही. लांबच्या कोपऱ्यातल्या पोराने चेंडू उचलून आणला, परत दिला, आणि जाताना भिंतीच्या पाठीवर हात ठेवून गेला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. नऊच्या नऊ पोरं तोंडात गुळणी धरून एक सामना हरत होती.

चेंडू मातीत आपटणार असला की कॅचरने तो झेलायचा नसतो. दोन्ही गुडघ्यांवर पडायचं, हनुवटी छातीला लावायची, अंगाची कमान करायची आणि चेंडू छातीवर येऊ द्यायचा. डोळे उघडे ठेवून. यातलं सगळं शिकवता येतं, शेवटचं सोडून. समोरून येणाऱ्या चेंडूची भीती वाटत नाही, कारण तो दिसतो. पण मातीवर आपटलेला चेंडू कुठे उडेल हे मातीलाही माहीत नसतं. ज्याला एकदा लागलं आहे त्याची मान त्या अर्ध्या क्षणात बाजूला फिरते. किती? बोटभर. मान फिरली की जाळी बाजूला होते, कान उघडा पडतो, आणि लागायचं ते खरोखरच लागतं. पारख्याला हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. हे आठवता आठवता त्याची जीभ आपोआप वरच्या दोन खोट्या दातांवर गेली. तो बावीस वर्षांचा होता. पावसाने बसलेली माती, दुपारचे चार, सगळ्या अंगाला ओल्या चामड्याचा वास, चेंडू आपटला, आणि मग त्याला आठवत होता तो फक्त रक्ताचा कोमट, नाण्यासारखा स्वाद आणि कुणीतरी अगदी सहज म्हणालेलं, “दात शोधा रे.” दीड महिन्याने तो परत उतरला. पहिला खालचा चेंडू आला तेव्हा त्याने सगळं बरोबर केलं, पडला, कमान केली, आणि मग आपण कुंपणाकडे बघतो आहोत असं त्याला दिसलं. चेंडू इकडे, आणि आपण कुंपणाकडे. दुसऱ्याही वेळी. दहाव्याही वेळी. पूर्ण संघाने पाहिलं. कुणीही एक शब्द काढला नाही, आणि त्या न बोलण्यात इतकी माया होती की तिच्या ओझ्याने तो वाकायला लागला. शेवटी त्याच्या प्रशिक्षकाने एक दिवस जाता जाता म्हटलं होतं, “गुडघा दुखतो का रे तुझा? बघून घे एकदा.” त्याचा गुडघा कधीच दुखला नव्हता. पण त्याने त्या भल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं की हे आपल्याला काहीतरी देताहेत, निरोपाच्या दिवशी छत्री किंवा घड्याळ देतात तसं. त्याने तो गुडघा घेतला. आईला गुडघा म्हणून सांगितला, पुढे सोयरिकीच्या वेळी गुडघा म्हणून सांगितला, आणि वापरता वापरता तो इतका अंगवळणी पडला की पावसाळी हवेत खरोखर ठणकायचासुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत तो मैदानाच्या कडेने चालला. कठड्याशी भिंतीची आई उभी होती, हातात पोराच्या चेहऱ्याची जाळी, आणि सुईने तिच्यात काही करत होती. ती बसगाड्यांच्या आसनांना खोळी शिवण्याच्या कारखान्यात होती, हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. आज तिने आणखी एक रजा टाकली होती. पारख्याने पाहिलं. जाळीखाली गळ्यावर लोंबणारी जी पट्टी असते, ती मूळची काढून तिथे दुप्पट लांब, दुप्पट जाड पट्टी लावली होती, बसच्या सीटच्या हिरव्या रेक्झिनची, आत काथ्या भरलेली, कडेने इतकी बारीक, सरळ शिवण की यंत्राची वाटावी. पट्टी छातीच्या गादीपर्यंत आली होती. शिवण चांगली आहे, असं तो म्हणाला. यावर ती बाई त्याच्याकडे न बघता म्हणाली की मूळची पट्टी नुसती शोभेची असते, आणि मग ज्याने विचारलंच नाही त्याला सांगावं तसं तिने सांगितलं की गेल्या वर्षी आठ दिवस त्याला आवाज नव्हता, पाटीवर लिहून मागायचा, पाणी, उशी. इतकं बोलून तिने दोरा दातांनी तोडला, आणि पुढे म्हणाली की आता काही नाही, आता छान आहे. पारखी हो म्हणाला. दोघांनी मिळून एका मोठ्या गोष्टीला वळसा घातला आणि आपापल्या वाटेला लागली.

त्याने बायकोला फोन लावला. तो बाहेरगावी असला की जेवणाच्या वेळी लावायचाच. ती एका दवाखान्यात नंबर लावण्याच्या खिडकीवर बसत असे आणि तिला एकाच वेळी तीन माणसांशी बोलायची सवय होती, एका माणसाला बसा म्हणाली, एकाला चिठ्ठी दाखवा म्हणाली, आणि याला म्हणाली, “काय म्हणतोय गुडघा? आज कुठला?”

ती हे नेहमीच विचारायची. आज कुठला. एकतीस वर्षं ती दर महिन्याला मलमाची नळी आणत होती आणि तो जो गुडघा पुढे करील त्याला मुकाट्याने चोळत होती. पारखी झाडाखाली फोन कानाला लावून उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांपुढून आपल्या घराचा जिना गेला, जो तो कधी उजव्या पायाने लंगडत चढला होता आणि कधी डाव्या. लग्नाच्या फोटोत तो डाव्या पायावर भार देऊन उभा होता. मुलीच्या लग्नात उजव्या. लपवाछपवी करणाऱ्या माणसाने निदान कुठला पाय ते तरी लिहून ठेवावं! दवाखान्याच्या खिडकीवर आयुष्य काढलेली बाई, खोटा ताप आणणारी पोरं नुसत्या चालीवरून ओळखणारी, तिला काय हे कळलं नसेल? तिला किती वर्षांपासून ठाऊक असेल? पहिल्या वर्षापासून? आणि तरी ती चोळत राहिली, कारण चोळण्याचा गुडघ्याशी काही संबंध नव्हता. तो म्हणाला, “आज दोन्ही बरे आहेत.” पलीकडे तिने खिडकीवरच्या माणसांना थांबा म्हटलं. मग म्हणाली, “बरं झालं. जेवून घ्या,” आणि तिच्या आवाजात हसू होतं की आणखी काही, ते कळायच्या आत कुणीतरी तिच्या खिडकीवर टकटक केली.

खुर्चीकडे परतला तर मास्तर वाट पाहत होते. त्यांच्या हातात दोन कप चहा होता, आणि चेहऱ्यावर ते पाहुणचाराचं हसू, जे माणूस खोटं बोलण्याआधी घालतो. पत्रक झालं का, असं त्यांनी आडून विचारलं. पोर गुणी आहे, बॅट तर तुम्ही पाहिलीतच, असं म्हणाले. आणि मग कपातल्या चहाकडे बघत, अगदी जाता जाता, त्यांनी सांगितलं की त्याचा अंगठा जरा दुखावलाय, म्हणून आम्ही खालचे चेंडू सध्या टाळतो, तुमच्या नजरेत आलंच असेल, तर गैरसमज नको. पारख्याने पलीकडे पाहिलं. भिंत कठड्यापाशी बसला होता आणि त्याच्या डाव्या अंगठ्याला कोरी पांढरी पट्टी होती. सकाळी नव्हती. त्या अंगठ्याने त्याने बाटलीचं घट्ट झाकण फिरवून काढलं, पाणी प्यायला, आणि मग आठवल्यासारखा अंगठा मांडीवर जपून ठेवला.

पारख्याने चहा न पिताच कप खुर्चीखाली ठेवला. इतकं भलं माणूस, इतक्या सफाईने, एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात अंगठा ठेवत होतं. ते पोर आता तो अंगठा घेऊन किती वर्षं चालेल, कुणाकुणाला दाखवील, कोण त्याला मलम चोळील, हे सगळं पारख्याला स्वच्छ दिसलं. पत्रकात ‘बचाव’ हा रकाना अजून कोरा होता. तिथे ‘अंगठा’ लिहिलं, तर पोराला जागा मिळेल, आणि तिथे लंबूच्या दीडपट वेगाने फेकणाऱ्यांसमोर मान बोटभर फिरवून तो बसेल. त्या हिरव्या पट्टीचं तिथे काही चालणार नाही. तिथे ‘भितो’ लिहिलं, तर त्यापुढचं कुणी वाचणार नाही, बॅटचा आवाज नाही, गोल काढलेला आकडा नाही. त्या निवासी शाळेत एक म्हातारी शिक्षिका होती, पारख्याच्या ओळखीची. ती घाबरलेल्या कॅचरांचे हात पाठीमागे बांधून त्यांच्यावर कापडी चेंडू टाकी, मग रबरी, मग खरे. महिनोन्‌महिने, गाणं शिकवावं तसं. पुष्कळ पोरं तिने परत उभी केली होती. पण ती एकच अट घाली. दारात आलेल्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, काय होतंय ते. गुडघा, अंगठा असलं घेऊन आलेल्यांना ती चहा पाजून परत पाठवी. पारख्याला ती छत्तीस वर्षांपूर्वी माहीत नव्हती. असती तरी तो तिच्या दारात लंगडतच गेला असता.

उरलेले डाव संपले तेव्हा घड्याळात सव्वातीन झाले होते. पोरं हरली होती आणि बूट सोडत होती. पारख्याने पत्रक मिटलं आणि मास्तरांना विचारलं, की या पोराचं सामान जरा घालायला मिळेल का. मास्तरांना वाटलं, बघायला. तो म्हणाला, घालायला. भिंतीने काही न विचारता छातीची गादी सोडली. ती दुसऱ्याच्या घामाने गरम होती आणि पारख्याच्या पोटावर तिचे पट्टे पुरेनात. लंबू पुढे येऊन शेवटच्या छिद्रात बसवायला लागला आणि तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. नळावरचे काका. लंबूच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. पारखी त्याला म्हणाला, “घरी ठेवलेला आण आता.”

तो बॅटवाल्याच्या जागेमागे गेला आणि उकिडवा बसला. सहज. पूर्ण. मास्तर अर्धे उठून “साहेब, गुडघा” म्हणाले आणि तिथेच थांबले, कारण गुडघे तिथे होते, दोन्ही, दुमडलेले, पोरांच्या गुडघ्यांसारखे गप्प. जाळीतून जग तसंच दिसत होतं, चौकटी चौकटींचं. आईने शिवलेली पट्टी हनुवटीला खरखरीत लागत होती, नव्या रेक्झिनचा वास नाकात शिरत होता. त्याने मांड्यांमध्ये चार बोटं दाखवली. लंबूने खांदे मागे घेतले आणि चेंडू सोडला. तो सरळ आला, छान आला, आणि मग जमिनीने बोलावल्यासारखा बुडाला. काय चेंडू होता! पारखी गुडघ्यांवर पडला, कमान केली, हनुवटी खाली, आणि मग आपण कुंपणाकडे बघतो आहोत असं त्याला दिसलं. चेंडू खांद्याच्या हाडावर बसला. छत्तीस वर्षांत एक बोटसुद्धा बदल नाही. त्याने पुन्हा चार बोटं दाखवली. पुन्हा कुंपण. कुंपणावर कुणाचा तरी निळा टॉवेल वाळत होता. तिसऱ्या वेळी चेंडू छातीच्या गादीवर बसला, पण तेही त्याला आवाजावरूनच कळलं.

तो तसाच बसून राहिला. खांदा जळत होता, दम लागला होता, आणि आत कुठेतरी, फार वर्षं बंद असलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसं, हलकं वाटत होतं. मागे पोरं, मास्तर, कठड्याशी ती बाई, सगळी बघत होती. त्याने जाळी डोक्यावर सरकवली.

“मान फिरली, दिसली ना सगळ्यांना?” तो म्हणाला. “माझ्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं. हे झालं होतं.”

पुढचं त्याला बोलायचं होतं, त्या म्हाताऱ्या शिक्षिकेचं, कापडी चेंडूंचं, पाच वाजायच्या आत काय लिहिता येईल त्याचं. पण शब्द जुळवेपर्यंत त्याच्या शेजारी एक सावली येऊन थांबली. भिंत अंगठ्याची पट्टी उलगडत होता. नीट, घडी पडेल अशी उलगडून त्याने ती मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती घेतली. मग पोराने खाली वाकून पारख्याच्या डोक्यावरची जाळी काढली, स्वतःला चढवली, हिरवी पट्टी हाताने सारखी केली, आणि पारख्याने उठून सोडलेल्या जागेत बसला. गादी घातली नव्हती. ती पारख्याच्या पोटावर अडकून बसली होती आणि लंबूने शेवटच्या छिद्रात बसवलेला पट्टा सुटत नव्हता. कठड्याशी त्याची आई एक पाऊल पुढे आली आणि तिथेच उभी राहिली.

“गादी घालशील की नाही आधी,” लंबू लांबून ओरडला.

“घालतो,” भिंत म्हणाला. एवढं बोलून तो थांबला. बॅटवाला नसलेल्या त्या रिकाम्या जागेवरून तो सरळ लंबूकडे बघत होता, आणि जाळीआडून आलेला त्याचा आवाज जरा घोगरा, पण कठड्यापर्यंत स्वच्छ ऐकू जाईल असा होता.

“मग तू तुझा चेंडू टाक, लंब्या. मला भीती वाटते त्याची. टाक.”